जोडीचे मांडे

दसरा होऊन चार दिवस झाले होते. काकासाहेबानं खळ्यात मक्याची कणसं वाळत टाकली आणि पाऊस आला. तीन दिवस हटला नाही. ताडपत्री टाकली, तिच्यावर दगड ठेवले, कडेनं नाली काढली. तरी पाणी खालून शिरलंच. चौथ्या दिवशी ऊन पडलं, ताडपत्री उचलली, तर कणसांना हिरवे कोंब फुटलेले. सिल्लोडच्या व्यापाऱ्यानं ट्रॉलीत चढून मूठभर दाणे उचलले, नाकाशी नेले आणि परत टाकून दिले.

"पाटील, हे आता कोंबड्यांचं खाद्य," तो म्हणाला. "अन् कोंबड्याबी पसंत पडलं तरच खातील."

हमाल हसले. काकासाहेबही थोडा हसला. मग भरलेली ट्रॉली तशीच खैरवाडीला परत आली.

त्याच आठवड्यात लेकाचा, सुदर्शनचा फोन आला. कंपनीनं त्याला ब्रेक दिला होता. ठेकेदाराकडच्या पोरांना सहा-सात महिन्यांनी असा ब्रेक मिळतो. कधी महिन्याचा, कधी कायमचा. शहरात, मुकुंदवाडीत एका खोलीत तो, त्याची बायको मंजुषा आणि सहा वर्षांची लेक संस्कृती राहत होती. दिवाळीला तिघं गावी आली. दरवर्षीची फटाक्यांची पिशवी तेवढी या खेपेला हातात नव्हती.

मंजुषा बिडकीनची, बारावी झालेली, बोलायला मोकळी. भाऊबीजेच्या सकाळी ती सासूजवळ लसूण सोलायला बसली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला सगळ्यात जास्त काय करायला आवडतं?"

सारजाबाईनं हातातली पाकळी तशीच धरून तिच्याकडं पाहिलं. "म्हंजी?"

"म्हणजे मनापासून. जे करताना कंटाळा येत नाही."

"कंटाळा आला म्हणून कोण बसू देतंय?"

"तसं नाही हो. आपल्या आवडीचं जे असतं ना, त्याचाच जोडधंदा करायचा. मोबाइलवर एक बाई सांगत होती. घरबसल्या होतो म्हणे. सांगा ना."

सारजाबाई पुन्हा लसूण सोलायला लागली. तिला साठावं लागलं होतं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, नवऱ्यानं, काकासाहेबानं नाही, तिनं स्वतःलाही नाही. दिवसभर ती त्या प्रश्नाभोवती फिरत राहिली. शेणकूर करताना, गुरांना पाणी दाखवताना, मध्येच तिला उगाच लाज वाटे.

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं ते भामाबाईला सांगितलं. भामाबाईचं घर चार घरं सोडून पलीकडं. दोघी एकाच उन्हाळ्यात खैरवाडीला नांदायला आलेल्या. त्याला बेचाळीस वर्षं झाली होती.

"मंग काय सांगितलंस?" भामाबाईनं विचारलं.

"सांगू काय? निंदायला आवडतं म्हणू?"

"दाल्ल्याचे पाय चेपायला आवडतं म्हण."

सारजाबाई हंडा टेकवून हसायला लागली. भामाबाईही हसली. नळावरच्या पोरी वळून बघायला लागल्या, तसं दोघींना आणखीच हसू आलं. मग डोळे पुसत भामाबाई म्हणाली, "आगं, तुला मांडे करायला आवडतं. त्या टायमाला तुहं तोंड आरशात पाह्य एकदा. लगीन तुहंच हाय आसं वाटतं."

मांड्याचा धंदा सुरू झाला तो असा, भामाबाईच्या तोंडातून.

मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. पण ती पोळपाटावर होत नाही. मऊ तिंबलेल्या कणकेत पुरण भरून उंडा करायचा, तो थोडा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत फिरवत असा वाढवायचा, की पलीकडचा जाळ त्यातून दिसला पाहिजे. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर तो एका झोकात टाकायचा. हे हातावरचं काम सारजाबाईचं. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर केस नव्हते. ते जाळानं कधीच गेले होते. उंडा भरायचं काम भामाबाईचं. पुरण आणि कणीक सारखीच मऊ लागतात. पुरण जरा घट्ट राहिलं तर ते कणकेला भोसकतं आणि मांडा हातावरच फाटतो. भामाबाई पुरणात बोट घालून सांगे, आणखी दोन वरवंटे फिरव. पण लग्नात लोक गोळा होत ते हातावर फिरणारा मांडा बघायला. उंडा भरणाऱ्या बाईकडं कुणी बघत नसे.

भामाबाईचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. तिचा नवरा विहिरीच्या कामावर दगड लागून गेला, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून हळदीला, ओटी भरायला, रुखवत मांडायला तिला कुणी पुढं बोलावत नव्हतं. ती स्वतःच भिंतीकडेला बसे. मांड्याच्या चुलीपाशी मात्र तिला बोलवावंच लागे. तिथं गडीमाणसं येऊन विचारत, "भामाबाई, लावायचा का जाळ?" ती पुरण चाखून मान हलवी, तेव्हा कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटत. पंचक्रोशीतल्या लग्नांत दोघींना जोडीनं बोलावणं येई. पैशाचं कुणी बोलत नसे. काम झालं की घरधनीण सारजाबाईची ओटी भरी आणि भामाबाईच्या हातात नारळ देई.

मंजुषानं पहिला व्हिडिओ काढला तो परसातल्या चुलीपाशी. सारजाबाईला तिनं नवं लुगडं नेसायला लावलं. मोबाइल हातात धरून ती मागं-पुढं सरकत होती.

"भामाकाकू, जरा तिकडं सरकता का?"

भामाबाई सरकली.

"अजून थोडं. कपाळ... म्हणजे उजेड येतोय मागून."

भामाबाई आणखी सरकली. तिला समजायचं ते समजलं होतं. तिनं पदर पुढं ओढला आणि हसून म्हणाली, "काढ माय तू. माहं थोबाड कोणाला पाह्यचंय?" व्हिडिओत सारजाबाई सगळी आली आणि डाव्या कोपऱ्यात उंडा भरणारे दोन हात आले.

लोकांना तो आवडला. पहिल्या आठवड्यात दहा मांडे गेले, दुसऱ्यात तीस. दोघी पहाटे डाळ शिजायला टाकत, उजाडल्यावर बसत, अकराच्या आत मांडे घडी घालून, फडक्यात गुंडाळून खोक्यात भरत. काकासाहेब खोकी मोटारसायकलवर बांधून फाट्यावर नेई आणि एसटीच्या वाहकाच्या हवाली करी. दिवाळीनंतर परत गेलेला सुदर्शन ती मुकुंदवाडीत उतरवून घेई. एकदा मंजुषानं फोनवर सांगितलं, एका बाईनं विचारलं, हातावर करता तर हातमोजे घालता का? पुढच्या एसटीनं तिनं पांढऱ्या रबरी हातमोज्यांचं पाकीटच पाठवलं.

सारजाबाईनं ते चढवून बघितले. पहिला उंडा मोज्याला चिकटला आणि चुलीत पडला.

"आता कसं, डाक्टरीणबाई?" भामाबाई म्हणाली. "पुरणाला सलाईन लावायचं का?"

ते दिवस चांगले होते. नंतर सारजाबाईला त्यांचीच आठवण जास्त येई. मांड्याची येत नसे.

पौष लागला. काकासाहेबाच्या कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "भामाबाईला काय देती तू?"

"काय द्यायचं? ती काय परकी हाय?"

"परकी नाय म्हणूनच म्हणतो. लग्नाचं येगळं. आता पैसा येतोय घरात. तिला फुकट राबवती का? गाव काय म्हणंल?"

सारजाबाईनं हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली. त्याचं बरोबर होतं. सांडूच्या, म्हणजे भामाबाईच्या लेकाच्या घरात काही उतू चाललेलं नव्हतं, आणि आपल्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. पण भामीला द्यायचं कसं, ते तिला सुचेना. मुद्दाम घरी जाऊन द्यावं तर मोठं काही केल्यासारखं दिसेल. ती दोन दिवस विचार करत होती. शेवटी तिला वाटलं, सगळ्यांना देतो तेव्हाच सहज देऊन टाकावं. म्हणजे त्याचं काही वाटायचं नाही.

मंगळवार खैरवाडीचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी आठवड्याच्या मजुरीचं, रोजाचं वाटप होई. दुपारी वेचणीच्या बाया अंगणात येऊन बसल्या. काकासाहेब एकेकीला नावानं हाक मारून देत होता. तेवढ्यात भामाबाई चाळण परत करायला आली. सारजाबाई ओट्यावर होती. तिनं कनवटीचे पैसे काढले आणि म्हणाली, "हं भामे, हे तुहे."

भामाबाईला आधी कळलं नाही. "कशाचे?"

"आगं, मांड्याचे. रोज धरला तुहा बी."

अंगणातल्या बायांनी माना वळवल्या. मग वेचणीतली एक बाई म्हणाली, "या या, भामाबाई. तुमी बी आमच्यातच आल्या की! सावलीतला रोज, पर रोजच."

बाया हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर उन्हात वाकलेल्या बाया अशाच बोलतात. भामाबाईही हसली. चाळण तिनं ओट्यावर ठेवली, पैसे घेतले, कपाळाला लावले आणि पदरात बांधले. जाताना ती त्या बायांशी बाजारातल्या वांग्यांच्या भावाबद्दल बोलत बोलत गेली. सारजाबाईला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी भामाबाई नेहमीपेक्षा लवकर आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ते तिनं कडुनिंबाच्या फांदीला अडकवलं आणि पाट्यावर बसली. काम रोजच्यासारखंच झालं; उलट जास्तच नीट झालं. बोलणं मात्र झालं नाही. खोकी गेल्यावर सारजाबाईनं दोन ताटं वाढली. बघते तर भामाबाई कडुनिंबाखाली, वेचणीच्या बाया बसतात तिथं बसलेली. फडकं सोडून तिनं भाकरी मांडीवर घेतली होती. वर लसणाची चटणी होती.

"भामे, हे काय काढलंस?"

"कामाला येताना भाकर घरूनच आणायची आसती, सारजाबाई."

"मी ताट वाढलंय."

"ऱ्हाऊ द्या. सवय लागंल मला."

सारजाबाई ताट घेऊन तिथंच उभी राहिली. चूक झाली एवढं कळत होतं, पण नेमकी कुठं, ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. पैसे द्यायला नको होते? मग फुकट राबवायचं होतं? ताटातल्या वरणावर साय धरली, तेव्हा ती घरात गेली.

पुढं सहा दिवस भामाबाई असंच करत राहिली. वेळेवर येई, वेळेवर उठे. सातव्या दिवशी आली नाही. दारात नातू पाठवून निरोप दिला, नातीचं, राजनंदिनीचं जमतंय, घरी माणसं येतात, आता जमायचं नाही. सारजाबाई दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आली. दोन्ही वेळा सून म्हणाली, आत्या शेतात गेल्या. दोन्ही वेळा भामाबाईच्या वहाणा उंबऱ्याशी होत्या.

मागणी वाढतच होती, म्हणून सारजाबाईनं शेजारच्या पारूबाईला बसवलं. पारूबाई तिशीतली, हातानं चलाख. पण तिचे उंडे एक मऊ तर एक घट्ट. पुरण चाखायचं ते ती गोडीसाठी चाखे. सारजाबाईनं सांगितलं, रागावली, स्वतः भरून दाखवलं. पण तिलाही ते नीट भरता येईना. बेचाळीस वर्षांत तिनं कधी उंडा भरलाच नव्हता. मांडा हातावर घेतला की तिला आतूनच कळे, हा जाणार. आणि कोपराजवळ येऊन तो जाई.

"आई, या खेपेला पाच फाटके निघाले," मंजुषा फोनवर म्हणे. "फोटो टाकतात हो लोक. जरा सावकाश करा ना."

"करते माय."

"आणि तुम्ही व्हिडिओत पहिल्यासारखं हसत नाही."

सुदर्शनला कंपनीनं परत घेतलं होतं. तरी मंजुषानं धंदा सोडायचं नाव काढलं नाही, आणि ते तिचं चूक नव्हतं. संस्कृतीची शाळा होती, खोलीचं भाडं होतं. सारजाबाई पहाटे उठे. पण खापर बघितलं की तिला थंडीत पाण्यात हात घालायच्या आधी होतं तसं होई. सुनेनं विचारलं होतं, काय आवडतं. उत्तर भामीनं दिलं होतं आणि आपण ते खरं धरलं. मांडे करायला आवडतं ते खरंच होतं. ते कुणासंगं, हे दोघींपैकी एकीलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

चैत्राच्या शेवटी सांडू आला. ओट्याच्या कडेला बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. राजनंदिनीचं लग्न ठरल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. ती पोर जन्मली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत दोघी म्हाताऱ्या होत्या. म्हाताऱ्या कसल्या, तेव्हा चांगल्या चाळिशीच्या. हिच्या लग्नात व्याह्यांची पंगत आपल्या मांड्यांनी उठवायची, असं तेव्हाच ठरलेलं. सारजाबाई पंधरा दिवस त्या बोलावण्याची वाट बघत होती. सांडूच्या बायकोनं हळद-कुंकू घेऊन यावं, कपाळाला लावावं आणि म्हणावं, काकू, चला.

"काकू," सांडू म्हणाला, "साठ मांडे लागतील. व्याह्यांकडच्या माणसांपुरते. काय लावशील?"

"काय लावू म्हंजी?"

"रेट."

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो टोपीची घडी बघत होता.

"राजनंदिनीच्या लग्नाचे पैसे घेऊ मी, सांडू?"

"मला मधी घालू नको, काकू. मी आयला म्हणलो, काकूला आसं कसं विचारू. तर म्हणली, पैसे ठरवून या. फुकट करते म्हणली तर दुसरीकडं बघू."

"दुसरीकडं कुठं बघती ती?"

"ते मला काय ठावं?" सांडू उठला. उठताना त्यानं हळूच काहीतरी पाण्याच्या तांब्याखाली सरकवलं आणि गेला. सारजाबाई तांब्याकडं बघत बसली. मग काकासाहेब आला, त्याला तहान लागली होती. त्यानं तांब्या उचलला आणि खालच्या नोटा बघून काही न विचारता तांब्या परत तसाच ठेवला.

"जाऊ नको मग," नंतर तो म्हणाला.

"नाय कशी जाऊ? पोरगी भामीची नात हाय."

हळदीच्या दिवशी सकाळीच ती पारूबाईला घेऊन गेली. मांडवामागं आचाऱ्यांच्या भट्ट्या धडधडत होत्या आणि त्यांच्यापासून जरा लांब, बाभळीच्या अर्ध्या सावलीत मांड्यांची चूल मांडून ठेवली होती. सगळं जागेवर होतं. पऱ्हाट्या कोरड्या, आमरसाची पातेली ओल्या गोणपाटानं झाकलेली, पाणी भरून. कुणी मांडून ठेवलंय ते सारजाबाईनं ओळखलं. पुरणसुद्धा वाटून तयार होतं. तिनं बोट घालून बघितलं, हवं तेवढंच मऊ होतं.

भामाबाई मांडवात होती. नवं फिकं लुगडं, डोक्यावर पदर. ती व्याहिणींना पाणी विचारत होती. इकडं तिनं बघितलं नाही.

ऊन चढलं. पारूबाई भरू लागली. पहिले चार मांडे निघाले. पाचवा हातावर फाटला आणि पुरण सारजाबाईच्या मनगटावरून घसरलं. गरम नव्हतं, तरी तिनं हात झटकला. व्याह्यांकडच्या चार बाया मांडे बघायला येऊन उभ्या होत्या.

"ह्या मोबाइलमधल्या मावशी ना गं?" एकीनं दुसरीला विचारलं.

"त्याच वाटतात. पर त्यात तर फाटत नव्हता."

सहावाही फाटला. पारूबाई म्हणाली, "कणीकच सैल झाली, काकू, मी काय करू?" बायांतली एक हसली आणि तोंडाला पदर लावला. सारजाबाईच्या कानशिलावरून घाम गळत होता आणि धुरानं डोळ्यांना पाणी येत होतं. निदान बघणाऱ्यांना ते धुराचं वाटलं असेल.

तेव्हा पारूबाईच्या खांद्यावर हात ठेवून कुणीतरी तिला उठवलं. भामाबाई खाली बसली. तिनं बाह्या वर केल्या, कणकेला पाण्याचा हात लावला, दोनदा आपटली आणि उंडा भरला. काही न बोलता पुढं केला.

सारजाबाईनं तो हातावर घेतला. तो फिरायला लागला. मनगटावरून कोपराकडं, कोपरावरून परत. पातळ होत होत असा पसरला, की त्याच्यातून तिला चूल दिसली, जाळ दिसला आणि पलीकडं भामीचे वाकलेले खांदे दिसले. तिनं तो खापरावर टाकला. तो सुटेपर्यंत दुसरा उंडा तयार होता. मग दोघी थांबल्या नाहीत. एकीनं हात पुढं करायचा आणि दुसरीनं न बघता उचलायचा. जाळ कमी झाला की भामाबाई पायानंच पऱ्हाटी आत सारी. उभ्या असलेल्या बाया मांडे मोजायला लागल्या. तीस झाले, चाळीस झाले. सारजाबाईला वाटलं, आता सगळं ठीक आहे. इतकं सोपं होतं तर.

शेवटचे पाच-सहा उरले, तेव्हा पारूबाई पाणी आणायला गेली. व्याह्यांच्या बायाही मांडवात परतल्या होत्या. आसपास कुणी नव्हतं.

"भामे," सारजाबाई म्हणाली, "चुकलं माहं. बायांदेखत द्यायला नको हुतं."

भामाबाईचे हात थांबले नाहीत. "बायांचं काय नाय गं, सारजे. त्या काय, हसल्या आन् गेल्या."

"मंग?"

"तू माह्या घरी येऊन दिलं आसतं तरी त्येच." तिनं उंड्याचं तोंड चिमटून बंद केलं. "त्या दिशी तू म्हणली, रोज धरला. मी घरी जाऊन इचार करीत बसले. मंग ह्याच्या आधीचं काय हुतं? बेचाळीस वर्सं मी तुह्यासंगं बसले, ते कोणाच्या कामाला जाते म्हणून नाय बसले. मला वाटायचं, ते आपलं हाय. तू एका दिसाला किंमत लावली, आन् मागचे सगळे दिस बिनपगारी झाले माह्ये."

"मी तसं कुठं..."

"तू तसं नाय केलं. मला ठावं हाय. तुह्या मनात काय नव्हतं. म्हणून तर आता काय करता येत नाय. मनात आसतं तर भांडले आसते."

सारजाबाईच्या हातात मांडा तसाच लोंबत राहिला. "टाक," भामाबाई म्हणाली, "फाटंल."

तिनं टाकला.

साठावा मांडा उतरला. भामाबाईनं परातीतली उरलेली कणीक गोळा केली, हात धुतले, पदराला पुसले. सारजाबाई चुलीपाशीच बसून राहिली. मांडे करणाऱ्या बाया पंगतीला बसत नाहीत. सगळं उरकलं, पोरं आडवी झाली, म्हणजे चुलीच्या उबेला बसून दोघींनी एकाच परातीत उरलंसुरलं खायचं. काठाचे तुकडे, खापराला लागून जळालेलं, पातेल्याला चिकटलेलं पुरण. तेवढ्यासाठी सारजाबाई सगळ्या दिवसाची भूक राखून ठेवी. तिनं दोन मोडके मांडे बाजूला काढून परातीत ठेवले आणि वाट बघायला लागली.

आली ती सांडूची बायको. "काकू, आत्या म्हणल्या, पंगतीला चला. पान वाढलंय."

"मी बसते इथं. तुही सासू येऊ दे."

"त्या वाढायला हायेत. तुमाला बोलावलंय. चला, व्याहिणी खोळंबल्यात."

मांडवात सतरंजीवर व्याह्यांच्या बायांची रांग बसली होती. मधोमध एक पान रिकामं होतं. त्याच्यापुढं रांगोळीचं बोट ओढलेलं, उदबत्ती लावलेली. सारजाबाईला तिथं बसवलं. तिच्या हाताला धुराचा वास येत होता आणि नखांत पीठ होतं. शेजारच्या बायांच्या अंगावर जरीची लुगडी होती. तिनं हात पदराखाली घेतले.

आमरस आला. मांडे आले. मागून भामाबाई तुपाचं भांडं घेऊन एकेका पानाशी वाकत येत होती. सारजाबाईच्या पानात तिनं घडी घातलेला मांडा ठेवला, वर तूप सोडलं. धार तुटू दिली नाही.

शेजारची व्याहीण सारजाबाईकडं वळून म्हणाली, "लई नाजूक मांडे हायेत बाई तुमचे. तुमी नवरीच्या कोण?"

सारजाबाईनं वर बघितलं. भामाबाई अजून तिथंच होती, वाकलेली. हातभर अंतर नव्हतं. सारजाबाईला वाटलं, हे भामीनं सांगावं. ती काहीही म्हणाली तरी चालेल. शिवी दिली तरी चालेल.

"गावातल्याच हायेत," भामाबाई म्हणाली. तिचा आवाज गोड होता. सारजाबाईनं नको म्हणून पानावर हात आडवा धरला होता, तो भामाबाईनं हलकेच बाजूला केला आणि दुसरा मांडा ठेवला. "घ्या. पोटभर जेवा. लाजू नका."

सारजाबाईनं घास मोडला. भामाबाई पुढच्या पानापाशी गेली होती आणि तिथं वाकून, त्याच आवाजात, तेच म्हणत होती.